मिरच्यांशेजारी वाळलेली हर्ली

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मम्मीला नाही, पपांना नाही. ईस्टरच्या आधी चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, जाते तेव्हा फादरना राग सांगते, आळस सांगते, पपांना उलट बोलले ते सांगते. हे सांगत नाही. तोंडाशी येतं — आणि मी म्हणते, बस, एवढंच, फादर.

मराठीत लिहितेय त्यालाही एक कारण आहे, आणि ते चांगलं नाही. माझी शाळा मस्कतमधली, वादी कबीरची, इंग्रजी माध्यमाची. मराठी घरातली, वसईची. वाचायला-लिहायला मम्मीने शिकवलेली. इंग्रजीत हे पटकन लिहून झालं असतं. पण ज्या माणसांनी हे खरं तर वाचायला हवं, त्यांना मराठी येत नाही. म्हणजे बघा, कबूल करायला बसले तेव्हाही मी आधी दार लावून घेतलं.

आधी ओर्लाबद्दल सांगते. ते सोपं आहे. निदान मला वाटतंय की सोपं आहे.

मी मस्कतच्याच अझैबा भागातल्या एका खाजगी शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथे आयरिश शिक्षक बरेच आहेत. दर शुक्रवारी संध्याकाळी ते शाळेच्या मैदानावर त्यांचा हर्लिंग नावाचा खेळ खेळतात. हॉकीसारखी काठी, पण पातं रुंद. तिला हर्ली म्हणतात. चेंडू दगडासारखा कडक आणि बहुतेक वेळ हवेतच. बायकांच्या खेळाला वेगळं नाव आहे, पण मस्कतमध्ये कोण तेवढं बघतंय, सगळे हर्लिंगच म्हणतात. बायकांच्या संघाला माणसं कमी पडायची. संघ बघणारा डेक्लन गणिताचा मास्तर. एकदा माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "लिनेट, तुला दोन पाय आहेत का?" मी हो म्हणाले. "मग शुक्रवारी ये."

मी गेले. आणि कुणालाच नको असलेली जागा मला मिळाली — गोलकीपरची.

ती जागा मला किती आवडली, हे कसं सांगू? मी लाजाळू आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे कान तापतात. पण हर्लिंगचं हेल्मेट असतं ना, त्याला समोर लोखंडी जाळी असते. ती चढवली की मला सगळे दिसायचे आणि मी कुणाला धड दिसायचे नाही. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, बघत राहायचं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? फक्त आता त्याला काही किंमत होती. मी चेंडू अडवला की लोक माझं नाव घेऊन ओरडायचे आणि मला उत्तर द्यावं लागायचं नाही.

साधारण एक वर्ष ती जागा माझी होती. मग पहिलीच्या मुलांना शिकवायला ओर्ला आली.

ती आयर्लंडमध्ये तिच्या काउंटीची गोलकीपर होती. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, पण त्या लोकांना जिल्ह्याची जर्सी म्हणजे काय वाटतं ते तुम्हाला सांगून पटणार नाही. ती येणार हे कळल्यावर डेक्लनचा चेहरा नाताळची भेट मिळालेल्या मुलासारखा झाला होता. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिचं नाव शोधलं. नंतर घरी मोबाइलवर शोधलं. मग रोज. तिचे जुने सामने, मुलाखती, गावातल्या पेपरातले फोटो. मला वाटतं तिचं करिअर तिच्या आईपेक्षा मला जास्त पाठ होतं. लहानपणी ती गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची, इतकी की आतल्या गाई बिचकायच्या आणि तिचे वडील ओरडत बाहेर यायचे. मग गावचा संघ. मग काउंटीत राखीव गोलकीपर — बरीच वर्षं नुसती बाकावर. मग एकदाची जागा मिळाली. एका पावसाळी सामन्यात तिने शेवटच्या क्षणी आडवं पडून अडवलेला एक चेंडू मी कितीदा बघितला असेल. मग गुडघा दुखावला, तेवढ्यात एक तरुण मुलगी पुढे आली, ओर्लाची जागा गेली. घरभाडी परवडेनाशी झाली म्हणून शाळेतली आणखी चौघं आखातात आली तशी तीही आली.

या सगळ्यात मी काय शोधत होते? चूक. एखादा सोडलेला सोपा चेंडू. सापडला की तो मी पुन्हा मागे नेऊन बघायचे.

पहिल्याच शुक्रवारी डेक्लनने तिला गोलमध्ये उभं केलं. मला कुणी सांगितलं नाही की तू बाहेर ये. मी आपणच आले. सांगायची गरज पडू नये अशी माणसं असतात ना, त्यातली मी.

ती उजव्या खांबाला हर्ली लावायची, मग डाव्या, आणि मग तिचा आवाज सुरू व्हायचा. पूर्ण सामनाभर. "तुझ्या डावीकडे! सोड तिला, सोड! माझा, माझा!" माझ्याकडे तेच नव्हतं. गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, म्हणून ओरडून सांगणं हे तिचं कामच. मला सगळं दिसायचं आणि मी गप्प. डेक्लन एकदा म्हणालाही होता, "लिनेट, तू गोलमध्ये उभी असतेस की लपलेली असतेस?" सगळे हसले होते. मीही.

ओर्ला वाईट असती तर बरं झालं असतं. ती नव्हती. सराव संपल्यावर ती मला थांबवून शिकवायची, माझ्या पोटाला कोपर टोचून म्हणायची, "इथून आवाज काढ, घशातून नको." नाताळला आमच्याकडे जेवायला आली. मम्मीच्या फुग्यांबरोबर, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांबरोबर, तिखटजाळ इंद्याल मटण इतकं खाल्लं की नाकाडोळ्यांतून पाणी, आणि तरी ताट पुढे. पपा तर खूश. "पोरगी बघ कशी बोलते सगळ्यांशी," ते मला वसईच्या स्वरात म्हणाले, "नाहीतर तू. पाहुणे आले की किचनमध्ये." त्यांनी सहज म्हटलं. मी ते वाक्य उचलून ठेवलं. अशी वाक्यं मी ठेवते.

आता त्या काठीकडे येते. आले असते आधीच — पण तुम्ही बघताय ना, मी कशी फिरून फिरून येते.

हर्ली अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. ते लाकूड दमट हवेतलं. मस्कतच्या उन्हात आणि एसीत ते आतून सुकतं, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस काडकन मोडतं. म्हणून आमच्या संघातले सगळे हर्ली बाथरूममध्ये ठेवतात. ओला टॉवेल गुंडाळून, अधूनमधून जवसाचं तेल चोळून. नवीन माणसाला पहिल्या दिवशी नियम सांगतात तो खेळाचा नाही, हा — गाडीत ठेवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. कुणाच्याही घरी गेलात तर बाथरूमच्या कोपऱ्यात टॉवेल नेसून उभी असलेली काठी दिसायची. मम्मी आमच्या घरातलीला 'तुझं बाळ' म्हणायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, आयरिश सगळे घरी जातात. ओर्लाकडे एक जुनी हर्ली होती, काउंटीकडून खेळली तेव्हाची, रुंद पात्याची. इतर काठ्या ती कुणालाही द्यायची, ही नाही. जायच्या आदल्या दिवशी ती घेऊन आमच्या फ्लॅटवर आली. "विमानात सामानाबरोबर टाकत नाही मी हिला," म्हणाली. "आणि कीपरची हर्ली कीपरकडेच राहते. दुसऱ्या कुणाकडे नाही."

ती मला कीपर म्हणाली. त्या दिवशी मला रडू येईल असं वाटलं होतं, हे खरं आहे. मी ती टॉवेलात गुंडाळली, माझ्या काठीशेजारी उभी केली, दर दोन दिवसांनी पाणी शिंपडायचे. सुरुवातीला मी ती अगदी नीट सांभाळली. हे मी माझी बाजू मांडायला सांगत नाही. उलट. मला सांभाळता येत होतं, एवढंच तुम्हाला कळावं.

मग डेक्लनने ग्रुपवर संघ टाकला. ऑक्टोबरमध्ये दुबईला आखातातल्या संघांची स्पर्धा होती. गोलकीपर — ओर्ला. माझं नाव शेवटी होतं. 'लिनेट — राखीव, आणि पाण्याच्या बाटल्या!' पुढे हसरा चेहरा. खाली लगेच ओर्लाचा संदेश: 'बाटल्या ही संघातली सर्वांत महत्त्वाची जागा आहे.' आणखी हसरे चेहरे. मीही एक टाकला.

मग मी बाथरूममध्ये गेले. तिच्या हर्लीचा टॉवेल सोडला.

त्या वर्षी पपांना सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे वसईला जाणं रद्द झालं होतं आणि मम्मीने वर्षभराच्या बाटली मसाल्याच्या मिरच्या इथेच बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातल्या होत्या. पाण्याच्या टाक्यांच्या मध्ये चादरी पसरून. जुलैचं ऊन — गच्चीची फरशी चपलेतून भाजायची. मी हर्ली नेऊन मिरच्यांच्या कडेला ठेवली.

"अगं, हे काय? बाळाला उन्हात?" मम्मी म्हणाली.

"ओल लागलीय तिला, मम्मी. बुरशी येईल."

खोटं किती सोपं आलं. विचारही करावा लागला नाही. मम्मीला लाकडाचं काय माहीत, तिला मिरच्यांचं माहीत. रोज ती मिरच्या उलटायला वर जायची. आणि एका संध्याकाळी खाली येऊन, कपाळ पदराने पुसत म्हणाली, "तुझ्या मैत्रिणीच्या काठीला दोन्ही बाजूंनी नीट ऊन दिलंय हं. रोज परतते मी. उगाच एकीकडूनच वाळायला नको."

हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. मी तेव्हा काय म्हणाले? थँक यू म्हणाले.

मिरच्या कुटून बाटल्यांत भरल्या गेल्या तरी हर्ली वरच होती. ओर्ला यायच्या आधी मी ती खाली आणली आणि तिला तेल लावलं. भरपूर. फडक्याने चोळून चोळून, लाकूड मधासारखं चमकेपर्यंत. रागाच्या भरात उन्हात ठेवली असं म्हणता येईल. पण तेल? ते मी शांत बसून, पंख्याखाली, गाणी ऐकत लावलं.

ओर्लाने ती हातात घेतली, फिरवून बघितली, नाकाला लावली. "मिरचीचा वास येतोय," ती हसली. "तुझ्या आईने हिला जेवायला घातलंय." मग मला मिठी मारली. "माझ्या सख्ख्या बहिणीनेही एवढी नीट ठेवली नसती."

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर कितीतरी शुक्रवार आले, तेव्हाही. एक वाक्य पुरलं असतं — ही वापरू नकोस, सुकलीय. कारणही द्यावं लागलं नसतं, मस्कत आहे, सगळ्यांच्याच सुकतात. पण सरावाला ती दुसरीच काठी वापरायची. ही तिने दुबईसाठी ठेवली होती. आणि मी दुबईची वाट बघत होते.

उपांत्य सामन्यात, पूर्वार्धातच, समोरच्या संघाच्या एका उंच मुलीने अगदी जवळून चेंडू मारला. ओर्लाने हर्ली आडवी धरली — बरोबर धरली, मी शंभर वेळा व्हिडिओत बघितली होती तशीच. हर्ली पात्याच्या वर, मानेपाशी मोडली. आवाज कोरड्या फांदीसारखा. चेंडू तिच्या बोटांवर बसला. ती खाली बसली आणि तिच्या तोंडून काहीच आवाज आला नाही; त्या बाईच्या तोंडून, जी कधी गप्प नसायची.

डेक्लन ओरडला, "लिनेट! यल्ला! चल!"

आता खरं सांगायचं ते हे. काठी नाही, ऊन नाही, तेलही नाही. मी बाटल्या टाकून धावत निघाले, धावता धावता हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा ओढला — आणि मी हसत होते. तिला दोघी जणी धरून बाहेर आणत होत्या, मी तिच्या अगदी जवळून गेले, तिने चांगला हात वर करून माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि जाळीच्या आत मी हसत होते. कुणाला दिसलं नाही.

मी चांगली खेळले. हेही सांगायला हवं, कारण तेही त्यातलंच आहे. मी ओरडलेसुद्धा. कुठून आलं कोण जाणे, पण इंग्रजी सुचेना आणि मी पोटातून, जसं तिने शिकवलं होतं तसं, ओरडले, "मागे! मागे बघ!" आणि नवल म्हणजे त्या बायका मागे वळल्या. आम्ही तो सामना जिंकलो, अंतिम हरलो. अजून आमच्या संघात सगळ्या आयरिश बायका एकमेकींना 'मागे बघ' म्हणतात. तो आमचा विनोद झालाय. मी सोडून सगळे त्यावर मनापासून हसतात.

परत येताना बसमध्ये ओर्ला माझ्याशेजारी बसली. हात प्लास्टरमध्ये. वाटेतल्या सोहारच्या कारखान्यांचे दिवे मागे पडत होते, बाकी सगळे झोपले होते किंवा झोपल्यासारखे होते. ती म्हणाली की चूक तिचीच, एवढी जुनी काठी वापरायलाच नको होती. मग म्हणाली, "काउंटीत मी बाकावर होते ना, तेव्हा दर रविवारी देवाकडे मागायचे, हिचा पाय मुरगळू दे. आमच्या पहिल्या कीपरचा. बाकी सगळ्या जागी कुणी ना कुणी बदली होतं. गोलमध्ये एकच उभी राहते. ती पडल्याशिवाय तुला जागा नाही. मग काय मागणार?"

मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार? सामन्याआधी चेंडू मारून मारून तिचा सराव मीच करून घ्यायचे. रोज मनात शिव्या आणि रोज चांगले चेंडू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तशी नाहीस. मी बघितलंय तुला. तुझ्या चेहऱ्यावर मला कधी ते दिसलं नाही."

मी खिडकीबाहेर बघितलं. मग काचेला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. तिला वाटलं मी थकलेय, तिने तिचा कोट माझ्यावर टाकला.

दोन बोटं नीट जुळली नाहीत. फळ्यावर लिहिताना ती खडू वेगळ्याच पद्धतीने धरायची. पहिलीची मुलं तिची नक्कल करायची आणि ती त्यांना करू द्यायची. गोलमध्ये ती पुन्हा उभी राहिली नाही. पुढचं वर्षभर माझ्यामागे उभी राहून मला शिकवत राहिली, आणि मग आयर्लंडला परत गेली. तिथून तिने मला एक हर्ली पाठवली, तिच्या गावच्या माणसाकडून माझ्या उंचीला बेतून करून घेतलेली. रुंद पात्याची. मी तिला मोठा संदेश पाठवला, त्यात थँक यू तीनदा होतं.

मला वाटायचं, मत्सर म्हणजे काहीतरी जळतं, भडकतं. माझा तसा नव्हता. तो ओला टॉवेल सोडण्याइतका साधा होता. आणि तो गेलाही नाही. तिच्या गावातल्या लहान मुलींना ती शिकवतानाचे फोटो येतात, त्या तिच्या गळ्यात पडलेल्या असतात, आणि मी अजून फोटो मोठा करून बघते — त्यांतली कुठली तिला जास्त आवडते.

या वर्षीही मम्मीने मिरच्या गच्चीवर घातल्यात. परवा ती वरून आली आणि बाथरूममध्ये माझ्या हर्लीकडे बघून म्हणाली, "लिनू, दे हिला वर. ओल लागेल."

"नको, मम्मी. हिला ऊन चालत नाही."

"मग त्या ओर्लाच्या काठीला कसं चाललं? मी तर रोज परतायचे."

ती टॉवेल हातात घेऊन उभी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ती ओली होती," मी म्हणाले.

मम्मीने टॉवेल नळाखाली भिजवला, पिळला आणि माझ्या हर्लीला नीट गुंडाळून दिला. शुक्रवारी सराव आहे. गोलमध्ये मी असते.